आगाऊबाईंची फांदी

“मला कल्पना नव्हती. बस. तीन शब्द आहेत, मावशी.”

“आणि तिन्ही खोटे.”

“खोटे कसे? फांदी नेमकी कधी पडणार हे तुला ठाऊक होतं का?”

“कधी ते नव्हतं ठाऊक. पडणार हे होतं. किती वर्षं सांगतेय मी.”

“तेच. तेच बोलायचं नाहीये.”

“अगं, सगळ्या गल्लीला सांगून बसलेय. आता काय घरोघरी जाऊन परत मागू?”

भाचीने डोकं टेबलावर टेकवलं. टेबलावर भाजीची टोपली होती, टोपलीशेजारी तिचा काळा कोट, आणि कोटाच्या बाहीला कोथिंबिरीची काडी चिकटलेली. ती वकील होती, नवी होती आणि मावशीची भाची होती. यातली तिसरी गोष्ट तिला सगळ्यात महागात पडत होती.

“नीट ऐक,” ती डोकं वर न करताच म्हणाली. “झाड तुझ्या कुंपणात आहे, म्हणजे तुझं. फांदी रस्त्यावर गेलेली, पण ती तुझ्याच झाडाची. ती घड्याळजींच्या अंगावर पडली. आता कायदा विचारणार, मालकिणीला धोका ठाऊक होता का? डोळे उघडे ठेवले असते तर कळला असता का? नसता, तर तो अपघात. घड्याळजींचं नशीब. ठाऊक असून काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा. मग भरपाई. ती तू कुठून देणार? घर विकून. आणि मग राहायला येणार माझ्याकडे.”

“तुझ्याकडे? चौथ्या मजल्यावर? त्या लिफ्टचा आवाज ऐकलायस? एक दिवस ती लिफ्ट...”

“मावशी.”

“...सांगून ठेवते.”

आता हे ‘सांगून ठेवते’ कुठून आलं ते आधी कळायला हवं.

बाई शहरातल्या जुन्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होत्या. विंगेत, पडद्याच्या घडीआड, एका उंच स्टुलावर बसायचं. मांडीवर नाटकाची वही, वहीवर एक मिणमिणता दिवा. नट अडखळला की पुढचं वाक्य हलकेच त्याच्या कानात सोडायचं. बाईंचं कामात एकच बिनसायचं. नट अडखळेपर्यंत त्यांना धीर धरवत नसे. श्वास घ्यायला थांबलेल्या नटालाही त्या वाक्य पुरवायच्या. एका राजाने मरताना मुद्दाम घेतलेला मोठा थांबा त्यांनी असा बुजवला, की राजाला आपले शेवटचे शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकत प्राण सोडावा लागला. पुढच्या रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. आणि पहिल्यांदा ते जास्त चांगलं ऐकू येतं, असं त्या रांगांमधल्या पुष्कळांचं मत होतं.

नाट्यगृहातून निवृत्त झाल्या, पण स्टुलावरून काही उतरल्या नाहीत. दुकानदार “अजून काय” म्हणेपर्यंत “देऊ” हा शब्द त्याच्या गल्ल्यावर पडलेला असे. नवरा गेला त्या दिवशी तरुण डॉक्टर बाहेर येऊन “आम्ही सगळे... आम्ही सगळे...” करत राहिला, तेव्हाही बाईंनीच “प्रयत्न केले” हे शब्द त्याच्या हाती ठेवले. मग त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि पुढचं वाक्य पुरवायला त्यांच्यामागे कोणी नव्हतं.

माणसांची वाक्यं पुरेनात, तशा त्या वस्तूंचीही सांगू लागल्या. ही खिडकी निखळणार. तो खांब कलणार. हा पाइप फुटणार. सांगून ठेवते. गल्लीने त्यांना आगाऊबाई हे नाव लावलं. आगाऊ म्हणजे आधीच, वेळेपूर्वी. आणि आगाऊ म्हणजे आगाऊ. गल्लीला दोन्ही अर्थ मान्य होते. बाई मात्र पहिलाच धरून चालत, आणि त्या नावाने कोणी हाक मारली तर सरळ “ओ” देत.

आता झाड. त्याला फळ नव्हतं, म्हणावं असं फूल नव्हतं; सावली मात्र घसघशीत होती. ती सगळी कुंपणाबाहेर पडायची आणि तिच्यात घड्याळजी बसायचे. एक छोटं टेबल, त्यावर काचेची पेटी, पेटीत उघडी पडलेली घड्याळं, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. बारीक स्क्रू उन्हात चमकतात आणि दिसेनासे होतात, म्हणून त्यांना सावलीच लागे. रोज सकाळी बाई फाटकाशी येत, मान वर करून फांदी फुटते ती जागा बघत आणि आपलं वाक्य म्हणत. भिंग न काढता घड्याळजींचं उत्तर ठरलेलं.

“बाई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर तो पूल कधीच पडायला हवा होता.”

“तोही पडेल.”

“मग आधी तो पडू दे. रांग मोडू नये.”

यात दोघांनाही मजा वाटत असावी, कारण एखाद्या सकाळी बाईंना उशीर झाला तर घड्याळजी फाटकाकडे बघत बसायचे.

आणि एका दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, पानसुद्धा हलत नाही अशा दुपारी, फांदी कडाड् करून खाली आली. घड्याळजी त्याच क्षणी खाली सांडलेली स्प्रिंग शोधायला वाकले होते, म्हणून डोकं वाचलं. खांद्यावर निभावलं. हासळीचं हाड मोडलं. काचेची पेटी चक्काचूर.

बाई धावत बाहेर आल्या. पाचोळ्यातून त्यांचं डोकं बाहेर काढलं, पदराने तोंड पुसलं, रिक्षा थांबवली, दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा चांगला हात धरून ठेवला. पण हे सगळं करायच्या आधी, जमलेल्या अख्ख्या गल्लीदेखत त्यांच्या तोंडून जे पहिलं वाक्य गेलं, ते होतं:

“सांगितलं होतं की नाही?”

महिन्या-दोन महिन्यांत घड्याळजींचा दावा आला. तडजोडीसाठी कोर्टाने दोघांना मध्यस्थापुढे बोलावलं. आणि म्हणून भाची सकाळपासून टेबलाशी बसून, आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरवलेल्या बाईकडून तिचं स्वतःचं एक वाक्य पाठ करून घेत होती.

“म्हणून तर दाखव एकदा.”

“मला कल्पना नव्हती,” बाई म्हणाल्या. मग जीभ टाळूला लावून चव घेतल्यासारखं केलं. “कच्चं आहे. हे बोलणाऱ्या बाईवर शेवटच्या रांगेतलं मूलसुद्धा विश्वास ठेवणार नाही.”

भाचीलाही ते पटलं. तिने कोटावरची काडी झटकली.

“बरं. मग दुसरी वाट. तू म्हणालीस, कबूल. फांदी पडणार असं रोज म्हणालीस, तेही कबूल. पण मावशी, तू कशाबद्दल म्हणत नाहीस? पूल उभा आहे. जिना उभा आहे. मी गल्लीतल्या माणसांनाच बोलावते. ते सांगतील की तुझं सांगणं म्हणजे माहिती नव्हे, ती सवय आहे. शिंक येते तशी.”

“म्हणजे माझ्या बोलण्याला काडीची किंमत नाही, हे तू शाबीत करणार.”

“एका दुपारपुरतं.”

“आणि मग घर राहणार.”

“मग घर राहणार.”

बाई स्वयंपाकघर बघत राहिल्या. खिडकीची कडी, जी निखळणार होती. नळ, जो गळणार होता. या सगळ्यांवर त्यांचा जीव होता.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “कर शाबीत.”

“आणि तू तिथे एक शब्दही बोलायचा नाहीस. विंगेत बसायचीस ना, तशी बस.”

“विंगेत मी गप्प बसत नव्हते गं.”

भाचीने हे ऐकलं, पण तेव्हा ती चपला शोधत होती. नंतर तिला वाटत राहिलं की तेव्हाच थांबायला हवं होतं.

तडजोडीची खोली कोर्टाच्या मागच्या बाजूला होती. लांबट टेबल, पाण्याचा जग, एक आखूड पायाची खुर्ची आणि मध्यस्थबाईंच्या बरोबर मागे फायलींनी फुगलेलं एक उंच कपाट, पुढे झुकलेलं. बाईंनी आत येताच कपाट पाहिलं. मग भाचीने बाईंना पाहिलं. बाईंनी पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि कपाटाऐवजी पाण्याच्या जगाकडे बघू लागल्या.

मध्यस्थबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं थोडं. घड्याळजी समोर बसले होते, हात गळ्यात बांधलेल्या झोळीत, दाढी डाव्या हाताने केल्यामुळे एका गालावर राहिलेली. वकील त्यांनी केलाच नव्हता. बाईंना बघून ते उठू लागले आणि खांदा दुखला म्हणून पुन्हा बसले.

आधी गवंडी बोलला. गल्लीच्या डाव्या टोकाला फक्त त्याचंच घर.

“मी बांधलेला जिना पडणार म्हणाल्या, मॅडम. मी बांधलेला. त्यावरून आता माझी नातवंडं उड्या मारतात.”

“मग तुम्ही त्यांच्या बोलण्याची दखल घेतलीत?” भाचीने विचारलं.

“घेतली ना. दुसऱ्या दिवशी त्यांनाच चहाला बोलावलं. जिन्यावर बसवून पाजला.”

मग शिंपीणबाई. “माझं लग्न टिकणार नाही म्हणाल्या होत्या. लग्नाच्या मांडवात. अजून टिकलंय. तसं टिकायला नको होतं, तो भाग वेगळा.”

मग इस्त्रीवाला. “त्या बोलतात, आम्ही हो म्हणतो. रेडिओ लावलेला असतो ना, तसं. बंद पडला तर चुकल्यासारखं होईल, पण ऐकत कोण नाही.”

खोलीत हसू पिकलं. मध्यस्थबाईंचे ओठसुद्धा हलले. भाचीची बाजू दर वाक्यागणिक भक्कम होत चालली होती आणि आगाऊबाई दर वाक्यागणिक खुर्चीत खाली सरकत होत्या. पट्टा गुंडाळलेलं मनगट लाल झालं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, गल्ली ऐकते आणि विसरते. ऐकतच नव्हती, हे नवीन होतं.

शेवटी मध्यस्थबाई घड्याळजींकडे वळल्या.

“तुम्हाला या फांदीबद्दल त्यांनी काही नेमकं सांगितलं होतं का? की नुसतंच, हे पडेल आणि ते पडेल?”

“नेमकं म्हणजे,” घड्याळजी म्हणाले. “सांगायच्या हो. रोज सांगायच्या.”

“शब्द काय होते?”

“शब्द असे, की...” त्यांनी डोळे बारीक केले, भिंगातून बघावं तसे. “बाई म्हणायच्या, की ती जी फांदी आहे... म्हणजे तिथे जे काहीतरी आहे... त्या म्हणायच्या, की...”

भाचीने श्वास रोखला. आणखी थोडं अडखळले असते तर घर वाचलं होतं. घड्याळजींचे ओठ उघडे, शब्द नाही. भरल्या नाट्यगृहात दिव्याखाली उभा असलेला, सगळं विसरलेला माणूस.

आणि बाजूच्या खुर्चीतून, हलक्या पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, वाक्य आलं.

“‘फांदी फुटते तिथे बोट जाईल अशी फट पडलीय...’”

“हां,” घड्याळजींचा चेहरा उजळला. “फांदी फुटते तिथे बोट जाईल अशी फट पडलीय.”

“‘आतून पोकळ झालीय, ठोकलं तर डब्यासारखी वाजते...’”

“आतून पोकळ झालीय, ठोकलं तर डब्यासारखी वाजते.”

“‘वाऱ्यात नाही पडायची. शांत दुपारी पडेल. टेबल तिकडे सरकवा, सांगून ठेवते.’”

“टेबल तिकडे सरकवा, सांगून ठेवते,” घड्याळजींनी वाक्य पुरं केलं आणि समाधानाने मागे टेकले. “अगदी हेच.”

मध्यस्थबाईंचं पेन चालत राहिलं. भाचीने डोळे मिटून घेतले. आगाऊबाई, वाक्य जागच्या जागी बसल्याच्या आनंदात, घड्याळजींकडे बघून मान डोलावत होत्या. मान डोलावता डोलावता मध्येच थांबली.

“म्हणजे आगाऊ कल्पना होती,” मध्यस्थबाई म्हणाल्या.

“कल्पनेचं माहीत नाही, मॅडम,” मागून इस्त्रीवाला म्हणाला. “आगाऊ आहेत, एवढं नक्की.”

“आता तुम्हीच बोला,” मध्यस्थबाई म्हणाल्या.

बाई उभ्या राहिल्या. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, तेव्हा ताठ उभ्या राहिल्या. “मी सांगितलं होतं. यांना रोज. सगळ्या गल्लीला. झाडं छाटणारा येतो ना दारावरून, त्यालाही.”

“छाटणाऱ्याला काय सांगितलंत?”

“ही फांदी पडणार म्हणून.”

“मग तो काय म्हणाला?”

“म्हणाला, हो, दिसतेय खरी तशी.”

“आणि त्याला कापायला सांगितलंत?”

बाईंनी मागे वळून पाहिलं. विंगेकडे बघावं तसं. मागे भिंत होती आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

“माझं काम सांगायचं,” शेवटी त्या म्हणाल्या, आणि यावेळी आवाज पुढच्या रांगेपर्यंतही पोचला नाही. “करायचं नटांनी.”

“झाडाच्या बाबतीत दोन्ही कामं मालकाची,” मध्यस्थबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मग चष्मा घड्याळजींकडे वळला. “आणि तुम्ही? इतकं नेमकं रोज ऐकून टेबल का नाही हलवलंत?”

“सावली चांगली होती.”

“मग थोडी जबाबदारी तुमच्याही खांद्यावर येते.”

“खांद्यावरच आलीय, मॅडम.”

यावर सगळ्यात आधी आगाऊबाई हसल्या, आणि मग त्यांनाच डोळे पुसावे लागले.

“तुम्हाला हवंय काय?” मध्यस्थबाईंनी घड्याळजींना विचारलं. “दाव्यात लिहिलंय ते सोडा. खरं सांगा.”

घड्याळजींनी बराच विचार केला. “दवाखान्याचं जे झालं ते. आणि... हात बरा होईल म्हणतात डॉक्टर. पण बसू कुठे? फांदी गेली, तिथे आता सकाळपासून ऊन. मला... म्हणजे, मला हवी...”

खोलीतल्या सगळ्यांनी आगाऊबाईंकडे पाहिलं.

“सावली,” बाई म्हणाल्या. “माझी बाहेरची खोली घ्या. रस्त्याकडे दार आहे. काम कराल तोवर तुमची.”

“मावशी,” भाची म्हणाली.

“काय मावशी? घर जात नाहीये. घड्याळजी येतायत.”

तसं लिहिलं गेलं. भाचीने प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि खोली सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकिणीची, ही ओळ बाईंना मोठ्याने वाचून दाखवली. बाहेर पडताना बाईंनी दारात थांबून मध्यस्थबाईंच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. भाचीने त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं.

“समजलं ना आता? तोंडातून शब्द गेला, की तुला ठाऊक होतं. ठाऊक होतं, की तुझी जबाबदारी. त्या खोलीत तू काहीही सांगून ठेवायचं नाहीस. कशाबद्दलही नाही.”

“अगं पण दिसलं तर?”

“तर बघ आणि गप्प राहा.”

बाई घरापर्यंत गप्प राहिल्या. भाचीला ते बरं लक्षण वाटलं.

घड्याळजी सोमवारी आले. नवी काचेची पेटी, जुनं टेबल, आणि भिंतीवर लावायला दुरुस्तीला आलेली घड्याळं. प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवत होतं आणि प्रत्येक आपलंच खरं म्हणत होतं. बाईंना खोली आवडली. कधी नव्हे ती तिच्यात बोलणी चालू झाली होती. त्यांनी चहा केला, भाचीने पडदा लावला, घड्याळजींनी टेबल खोलीच्या मधोमध मांडलं, बसले, भिंग डोळ्याला लावलं, आणि मान मोकळी करायला वर पाहिलं.

टेबलाच्या बरोबर वर छताचा गिलावा फुगला होता. ताटाएवढा. कडेने केसासारखी बारीक भेग गेली होती.

घड्याळजींनी भिंग काढलं.

“बाई,” ते म्हणाले. “हे वरचं. हे ठीक आहे ना?”

बाईंनी वर पाहिलं. घड्याळजींच्या पाठीमागून भाचीने मान जोरजोरात हलवली, मग ओठांवर बोट ठेवलं, मग दोन्ही हात जोडले. घड्याळं आपापल्या मताने टिकटिकत राहिली. बाईंचं तोंड उघडलं, ‘सां’ एवढा आकार ओठांनी घेतला, आणि मिटलं.

ज्या माणसाने रोज सकाळी ऐकूनही कधी टेबल हलवलं नव्हतं, त्याने उत्तराची वाट न पाहता टेबल हळूच भिंतीकडे सरकवलं. मग तो पुन्हा बाईंकडे बघू लागला. बाई अजून वरच बघत होत्या. घड्याळजींना तो थांबा सोसवेना. ते जरा पुढे झुकले आणि हलक्या आवाजात, विंगेतून सोडावं तसं, म्हणाले:

“‘सांगून...’”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भाचीकडे पाहिलं.

“‘...ठेवते’?” घड्याळजींनी पुढचाही शब्द पुरवला.

बाईंनी कोपऱ्यातली छत्री घेतली, पायात चपला सरकवल्या, आणि काहीही न बोलता उंबरा ओलांडून डावीकडे वळल्या, गवंड्याच्या घराकडे.